रात्रीचा श्वास

आम्हाला शाळेत गणित शिकवणारे सर निवृत्तीनंतर काही वर्षांनी आजारी पडले. आधी उजव्या हाताची पकड गेली, मग हात बारीक होत गेला, पुढे चालताना पाय अडखळू लागले. निदान झाले, एएलएस. मी भेटायला गेलो तेव्हा सर खुर्चीत बसून नेहमीसारख्याच गप्पा मारत होते. काकूंनी मात्र मला स्वयंपाकघरात बोलावले आणि हळू आवाजात म्हणाल्या, "दिवसा बरे असतात रे. रात्र झाली की काय होते ते कळत नाही. आडवे झाले की दोन मिनिटांत उठून बसतात. सगळी रात्र खुर्चीत काढतात. सकाळी डोके धरून बसतात आणि दुपारी जेवता जेवता डुलक्या घेतात." रात्री झोप येत नाही म्हणून कोणीतरी झोपेची गोळी लिहून दिली होती.

सरांनी टेबलावरचा ऑक्सिमीटर उचलायला सांगितला. करोनाच्या साथीत घेतलेला तो छोटासा चिमटा मी त्यांच्या बोटाला लावला. आकडा आला ९६. "आकडा तर बरोबर आहे," सर म्हणाले, "मग गणित चुकते कुठे?"

सरांच्या या प्रश्नाचे उत्तर मिळायला वैद्यकशास्त्राला शंभराहून अधिक वर्षे लागली. ते उत्तर एएलएसच्या अभ्यासातून आले नाही. ते आले पोलिओच्या साथीतून, झोपेच्या प्रयोगशाळांतून आणि घोरण्यावरच्या उपायातून. हा प्रवास कसा झाला ते पाहू.

श्वास कोण घेते?

वर्गात हा प्रश्न विचारला की मुले एका आवाजात सांगतात, फुप्फुसे. पण फुप्फुसांना स्वतःचे हलणे ठाऊक नाही. ती छातीच्या पिंजऱ्यात ठेवलेल्या स्पंजासारखी असतात. पिंजरा मोठा झाला की आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा आत येते. पिंजरा मोठा करण्याचे काम स्नायूंचे. त्यांतला मुख्य स्नायू म्हणजे श्वासपटल, छाती आणि पोट यांच्यामधला घुमटासारखा पडदा. तो आकुंचन पावला की खाली सरकतो आणि पोट पुढे येते. बरगड्यांमधले आणि मानेचे स्नायू त्याला मदत करतात.

एक सोपा प्रयोग विद्यार्थ्यांकडून करून घ्या. सतरंजीवर उताणे झोपायचे, पोटावर एक पुस्तक ठेवायचे आणि शांतपणे श्वास घ्यायचा. श्वास आत घेताना पुस्तक वर उचलले जाते. ते उचलणारे श्वासपटल. श्वासपटल लुळे पडले असेल तर याच्या उलट घडते. श्वास घेताना छाती वर येते आणि पोट आत ओढले जाते. हे चिन्ह डॉक्टर आजही पाहतात.

आता थोडे अंकगणित. शांत बसलेला माणूस एका श्वासात साधारण ५०० मिलिलिटर हवा आत घेतो. त्यांतली सुमारे १५० मिलिलिटर हवा नाक, घसा आणि श्वासनलिकांतच राहते. रक्ताशी देवाणघेवाण होते ती उरलेल्या ३५० मिलिलिटरची. मिनिटाला १२ श्वास धरले तर ६,००० मिलिलिटर हवा आत जाते, पण कामी येते ४,२००. समजा स्नायू दुबळे झाले, श्वास निम्मा म्हणजे २५० मिलिलिटर झाला आणि भरपाई म्हणून माणूस मिनिटाला २४ श्वास घेऊ लागला. एकूण हवा तेवढीच, ६,०००. पण कामी येणारी हवा २४ गुणिले १००, म्हणजे फक्त २,४००. उथळ श्वास कितीही भराभर घेतला तरी तोटा भरून निघत नाही. आणि हा तोटा आधी दिसतो तो कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात. तो शरीरात तयार होतच राहतो, बाहेर मात्र पुरेसा पडत नाही.

शार्को यांनी नाव दिले

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात जाँ-मार्तँ शार्को यांनी १८६९ साली सहकारी जोफ्रुआ यांच्यासह या आजाराच्या रुग्णांचे वर्णन केले आणि १८७४ मध्ये त्याला नाव दिले. इंग्रजीतून आपल्याकडे आले तेव्हा ते झाले अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस. स्नायूंचे पोषण संपणे आणि मज्जारज्जूच्या बाजूचा भाग कठीण होणे, असा त्याचा अर्थ. शार्को यांनी मृत्यूनंतर मज्जारज्जूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि स्नायूंना हुकूम देणाऱ्या प्रेरक चेतापेशी नाहीशा झाल्याचे त्यांना दिसले. हुकूम थांबला की स्नायू झिजतात. माणसाची बुद्धी बहुधा शाबूत राहते, स्पर्श कळतो, डोळे हलतात, पण हातपाय, जीभ आणि घसा एकेक करून हातचे जातात.

श्वासपटलाकडे जाणारी चेता मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मणक्यांच्या पातळीवरून निघते. तिथल्या पेशी मेल्या की श्वासपटल दुबळे होते. एएलएसमध्ये मृत्यू येतो तो बहुतेक वेळा श्वास अपुरा पडल्यामुळे, आणि सर्वसाधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून दोन ते पाच वर्षांत. स्टीफन हॉकिंग यांना १९६३ साली, वयाच्या २१ व्या वर्षी हे निदान झाले आणि ते २०१८ पर्यंत जगले, हा फार दुर्मिळ अपवाद. शार्को यांच्यानंतर सुमारे शतकभर डॉक्टरांची भूमिका अशी होती की रोग बरा होत नाही, तेव्हा श्वास जाणे हा त्याचा ठरलेला शेवट. त्यामुळे तो नेमका केव्हा आणि कसा जाऊ लागतो, हे बारकाईने पाहण्याची गरज फारशी कोणाला वाटली नाही.

कोपनहेगनमधला चुकलेला अर्थ

श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या माणसाला जगवता येते, हे शिकवले पोलिओने. अमेरिकेत हार्वर्डमधील फिलिप ड्रिंकर आणि लुई शॉ यांनी १९२८ साली बॉस्टनमध्ये आपले यंत्र प्रथम एका मुलीसाठी वापरले. एक हवाबंद पेटी, रुग्णाचे डोके तेवढे बाहेर. पेटीतली हवा यंत्राने ओढून घेतली की छाती फुगते आणि नाकातोंडातून हवा आत जाते. हवा ओढायला त्यांनी व्हॅक्यूम क्लीनरचे पंखे वापरले होते. लोकांनी या पेटीला 'लोखंडी फुप्फुस' म्हटले.

१९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडाम रुग्णालयात रोज नवे रुग्ण येत होते, आणि तिथे लोखंडी फुप्फुस होते एक. शिवाय छातीला बांधायची सहा लहान यंत्रे. पहिल्या काही आठवड्यांत श्वास लुळा पडलेल्या ३१ रुग्णांवर या यंत्रांनी उपचार झाले. त्यांतले २७ दगावले.

या रुग्णांच्या रक्ताच्या तपासणीत एक गोष्ट सारखी आढळत होती. रक्तातील एकूण कार्बन डायऑक्साइड, म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेटच्या रूपात असलेला, खूप वाढलेला होता. बायकार्बोनेट हे अल्कधर्मी. म्हणून डॉक्टरांनी अर्थ लावला की रक्त कशामुळे तरी अल्कधर्मी होत आहे. कारण कोणालाच सांगता येत नव्हते.

रुग्णालयाचे प्रमुख लासेन यांनी ब्यॉर्न इब्सेन या तरुण भूलतज्ज्ञाला सल्ल्यासाठी बोलावले. इब्सेन यांचा रोजचा व्यवहार शस्त्रक्रियेच्या टेबलावरचा. भूल दिलेल्या माणसाचा श्वास अपुरा पडला की काय होते ते त्यांनी अनेकदा पाहिले होते. त्यांनी सांगितले की हे रक्त अल्कधर्मी झालेले नाही. कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही म्हणून तो साठतो आहे, आणि रक्त उलट आम्लधर्मी झालेले असणार. ऑक्सिजन दिल्यामुळे रुग्ण गुलाबी दिसतात, पण आत त्यांचा श्वास कोंडला आहे.

२७ ऑगस्ट १९५२ रोजी त्यांनी ते करून दाखवले. मरणासन्न अशा बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिच्या फुप्फुसात हवा भरली. कार्बन डायऑक्साइड उतरला. पिशवी थांबवली की पुन्हा चढला. मुलगी वाचली. त्यानंतर सुमारे पंधराशे विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रात्रंदिवस, हाताने पिशव्या दाबल्या. मृत्यूचे प्रमाण हळूहळू निम्म्याहूनही खाली आले. याच प्रसंगातून रक्ताचा आम्लपणा आणि त्यातील कार्बन डायऑक्साइड चटकन मोजण्याच्या पद्धती पुढे आल्या. त्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख पॉल अ‍ॅस्ट्रप यांचे त्यात मोठे काम आहे.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावा असा हा प्रसंग आहे. आकडा खोटा नव्हता. मोजणाऱ्याचा हातही चुकला नव्हता. चुकला होता तो आकड्याचा अर्थ.

झोपेत काय घडते?

कोपनहेगनच्या साथीनंतर वर्षभराने, १९५३ साली, शिकागोमध्ये यूजीन असेरिन्स्की आणि नथानिएल क्लाइटमन यांनी जाहीर केले की झोपेचा एक भाग अगदी निराळा असतो. त्यात बंद पापण्यांखाली डोळे भराभर फिरतात आणि त्या वेळी जागे केले तर माणूस बहुधा स्वप्न सांगतो. आपण तिला स्वप्ननिद्रा म्हणू. १९५९ च्या सुमारास फ्रान्समधील लियाँ येथे मिशेल झुवे यांनी मांजरांवर प्रयोग करून दाखवले की या झोपेत शरीराचे बहुतेक स्नायू पूर्ण सैल पडतात. आपण स्वप्नात धावतो पण अंथरुणात धावत नाही, ते यामुळे.

या सैल पडणाऱ्या स्नायूंत बरगड्यांमधले आणि मानेचे स्नायूही येतात. डोळे हलवणारे स्नायू सोडले तर काम चालू ठेवणारा मोठा स्नायू एकच, श्वासपटल. निरोगी माणसाला त्याने काही बिघडत नाही. पण ज्याचे श्वासपटल दुबळे झाले आहे, तो दिवसा मानेच्या आणि बरगड्यांच्या स्नायूंवर भागवत असतो. स्वप्ननिद्रेत ते मदतनीस रजेवर जातात. त्यातच तो आडवा झालेला असतो, त्यामुळे पोटातल्या अवयवांचा भार श्वासपटलावर येतो. श्वास उथळ होतो, ऑक्सिजन घसरतो, कार्बन डायऑक्साइड चढतो आणि मेंदू घाबरून जागा होतो. रात्रीतून असे अनेकदा. सकाळी माणूस म्हणतो, झोप झाली नाही, वाईट स्वप्ने पडली.

कार्बन डायऑक्साइडमुळे मेंदूतील रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून सकाळी डोके दुखते. उठून बसल्यावर श्वास सुधारतो आणि तासाभरात दुखणे ओसरते. दुपारी तपासले तर फारसे काही सापडत नाही. आणखी एक गोष्ट नकळत चालू असते. रात्रीमागून रात्री कार्बन डायऑक्साइड चढला की मूत्रपिंडे रक्तात बायकार्बोनेट राखून ठेवू लागतात, आणि कार्बन डायऑक्साइड वाढल्याची सूचना देणारी मेंदूची यंत्रणा मंद होते. मग दिवसाही तो चढलेलाच राहतो. कोपनहेगनमध्ये दिवसांत घडले ते इथे महिन्यांत घडते.

मुखवटा

घरी, रोज रात्री, श्वासनलिकेला छेद न देता मदत कशी करायची? लोखंडी फुप्फुस घरात ठेवण्याजोगे नव्हते, आणि त्याची एक अडचण होती. झोपेत घशाचे स्नायू सैल असताना छाती बाहेरून ओढली की घसाच आत ओढला जाऊन बंद होतो. पातळ रबरी नळीतून जोरात हवा ओढून पाहा, नळी चपटी होते. तसेच हे.

वाट सापडली ती घोरण्याच्या विकारात. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली दाखवले की नाकावर मुखवटा बसवून हलक्या दाबाने हवा सोडली तर झोपेत घसा उघडा राहतो. ही हवा सोडायला त्यांनीही व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरली होती, फक्त उलट्या दिशेने. पण एकसारखा दाब घसा उघडा ठेवतो, स्नायूचे काम करत नाही. त्यासाठी श्वास आत घेताना जास्त दाब आणि सोडताना कमी दाब हवा. १९८७ मध्ये सिडनीच्या याच गटाने स्नायूंच्या दुबळेपणात नाकाच्या मुखवट्यातून रात्री यंत्राने श्वास दिल्याचे प्रसिद्ध केले. त्यात लक्षात आले ते असे की मदत फक्त रात्री दिली तरी दिवसाचे रक्तही सुधारते. रात्रीचे नुकसान थांबले की दिवस आपोआप सावरतो. दोन दाबांची लहान यंत्रे त्यानंतर लवकरच बाजारात आली. लोक त्यांना बायपॅप म्हणतात.

एएलएसच्या रुग्णांपर्यंत हा उपाय पोचायला मात्र आणखी बराच काळ गेला. "आयुष्य वाढवून काय उपयोग, हाल वाढतील," ही शंका खरी होती आणि तिची परीक्षा घेणे आवश्यक होते. ती इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे झाली आणि २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ४१ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून काहींना मुखवटा दिला, बाकीच्यांना नेहमीची शुश्रूषा. ज्यांचे बोलणे-गिळणे फार बिघडलेले नव्हते, त्यांच्या आयुष्यात मधल्या अंदाजाने २०५ दिवसांची भर पडली, आणि त्यातल्या बहुतेक काळात जगण्याची प्रतही टिकून राहिली. तुलनेसाठी सांगायचे तर १९९५ साली अमेरिकेत मान्य झालेले रिल्युझोल हे औषध आयुष्यात दोन-तीन महिन्यांची भर घालते. ज्यांचे गिळणे खूप बिघडले होते त्यांचे आयुष्य मुखवट्याने वाढले नाही, पण झोपेशी निगडित त्रास काहीसा कमी झाला.

दोन वाटा चुकीच्याही निघाल्या. पहिली, नुसता ऑक्सिजन. दम लागतो म्हणून ऑक्सिजन लावणे साहजिक वाटते. पण इथे तुटवडा आहे तो हवा हलण्याचा. ऑक्सिजनने बोटावरचा आकडा सुधारतो, श्वास आणखी मंदावू शकतो, आणि कार्बन डायऑक्साइड धोक्याच्या पातळीला जाऊन रुग्ण बेशुद्ध पडल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. दुसरी, विजेच्या झटक्यांनी श्वासपटल हलवणारे यंत्र. कल्पना आकर्षक होती. ब्रिटनमध्ये ७४ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली. २०१५ साली निकाल आला की मुखवट्याबरोबर हे यंत्रही बसवलेले रुग्ण ११ महिने जगले, आणि नुसता मुखवटा वापरणारे साडेबावीस. चाचणी घेतली नसती तर ते कदाचित चांगले समजून बसवतच राहिले असते.

ओळखायचे कसे?

आपल्या ओळखीत, नात्यात, एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी हा आजार असेल तर पुढील गोष्टी विचारून पाहाव्यात. उताणे झोपता येते का, की उशा वाढत चालल्या आहेत? रात्री दचकून जाग येते का? सकाळी डोके दुखते, जड वाटते का? दिवसा झोप अनावर होते का? बोलताना वाक्य मध्येच तोडावे लागते का? खोकल्यात जोर उरला आहे का? फूल हुंगताना घेतो तसा झटका नाकाने घेता येतो का? यांतले एक जरी जाणवले तरी पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना सांगावे. झोपेची गोळी त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण तीही श्वास मंदावू शकते.

डॉक्टर काय तपासतात? एका दमात किती हवा बाहेर टाकता येते ते बसून आणि आडवे होऊन मोजतात. आडवे झाल्यावर ती बरीच घटली तर श्वासपटल दुबळे आहे असे समजतात. नाकाने हुंगण्याचा जोर मोजतात. रात्रभर ऑक्सिमीटर लावून नोंद घेतात आणि रक्तातील कार्बन डायऑक्साइडचा दाब पाहतात. तो साधारण ३५ ते ४५ मिलिमीटर पारा असावा लागतो. हे सारे दर दोन-तीन महिन्यांनी करावे लागते, कारण रोग थांबत नाही.

मुखवटाही सोपा नाही. नाकावर व्रण पडतात, तोंड सुकते, लाळ आवरत नाही. पहिल्या रात्री बहुतेकांना तो नकोसा होतो. हात चालत नसले तर तो काढायला-घालायला दुसरे माणूस लागते. वीज जाणाऱ्या गावात बॅटरीची सोय आधी करावी लागते. पुढे रात्रीचे यंत्र दिवसाही लागू लागते, आणि कोठवर जायचे हा निर्णय रुग्णाचा असतो. तो शांतपणे, बोलता येत असतानाच घ्यायला हवा. कोणी मुखवटा नाकारला तरी श्वासाचा त्रास आणि भीती कमी करणारी औषधे आहेत.

सरांची तपासणी रात्री झाली. दिवसा ९६ दाखवणारा आकडा पहाटे तीनच्या सुमारास ८० च्या खाली गेलेला होता. सकाळच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड ५८. मुखवटा लागला. पहिले आठ दिवस त्यांनी खूप कुरकुर केली, नवव्या रात्री ते पलंगावर आडवे झोपले. काकूंनी सकाळी फोन करून मला तेवढेच सांगितले.

त्यानंतर ते चौदा महिने होते. रोग बरा झाला नाही, होणारही नव्हता. पण त्या चौदा महिन्यांत ते दुपारी जागे असत. शेजारची दोन मुले दहावीची भूमिती घेऊन येत आणि सर बसल्या जागेवरून, हळू आवाजात, त्यांना कुठे रेघ ओढायची ते सांगत.